कपाटामागचा कोनाडा

"मॅडम, फाइल उडाली."

माझ्या नोकरीच्या काळात टेबलावरचा फोन वाजला की बहुतेक वेळा पहिलं वाक्य हेच असायचं. कुणाची फाइल उडायची, कुणाची मशीन खायचं, कुणाची शेजारच्या टेबलावरचा माणूस पळवायचा. साताऱ्यातल्या एका कचेरीतले हेडक्लार्क तर मला म्हणाले होते, "जरा स्क्रू काढून बघा की, आत सांदीत पडली असंल." मी स्क्रू काढले, त्यांना आतली धूळ दाखवली, परत स्क्रू लावले आणि मग त्यांनी स्वतःच आदल्या दिवशी दुसऱ्या नावानं ठेवलेली फाइल त्यांना काढून दिली. गिऱ्हाइकाचं समाधान हाही कामाचाच भाग असतो.

मी मूळची वाईची, लग्नानं सांगलीकर. नव्वदीच्या दशकात सांगलीतल्या एका लहानशा कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. साखर कारखाने, नागरी बँका, सूतगिरण्या यांनी तेव्हा नुकतेच काँप्युटर घ्यायला सुरुवात केली होती. आतासारखा प्रत्येकाच्या टेबलावर एक नव्हे. एसीच्या खोलीत एकच मोठं मशीन आणि त्याला वायरींनी जोडलेले, हिरव्या अक्षरांचे पाच-सहा पडदे. आत युनिक्स नावाची प्रणाली. काही बिघडलं की मी एसटीनं जायचे. पिशवीत पेचकस, बॅकअपच्या टेपची कोरी कार्ट्रिज आणि डबा. गेटवरचा वॉचमन माझ्या पाठीमागं बघत राहायचा, खरा इंजिनिअर अजून मागून यायचाय अशा नजरेनं. "बाईच आल्यात व्हय," असं एकदा म्हणून झालं की मग चहा यायचा. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी रागीट आहेच, घरचेही सांगतील.

संपादकांनी मला त्या काळातल्या गमती लिहा म्हणून सांगितलंय. गमती पोतंभर आहेत. पण लिहायला बसलं की मला हवालदार आठवतात, आणि मग गमती लिहायला हात चालत नाही.

हवालदार म्हणजे जगन्नाथ साळुंखे. गाव विट्याजवळचं. लष्करात सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या तुकडीत होते, तिथून निवृत्त होऊन कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात संगणक विभागाचे ऑपरेटर म्हणून लागले. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही, ओळखणारे ओळखतील. हवालदारांचा शर्ट कडक इस्त्रीचा, मिशा कातरलेल्या, आणि एसीच्या खोलीत जायचं तर चपला बाहेर. चेअरमन आले तरी चपला बाहेर. मशीनला ते 'हत्यार' म्हणत. "हत्यार सकाळपास्नं जरा गरम हाय, मॅडम," असं फोनवर सांगायचे. मला आधी हसू यायचं, नंतर सवय झाली. माणूस भाबडा नव्हता, कामात चोख होता आणि हट्टी होता.

त्यांच्या हट्टाचा प्रसाद मला पहिल्याच वर्षी मिळाला. मी सर्व्हिसिंगला गेले तो दिवस नेमका खंडेनवमीचा, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवसाचा. आपल्याकडं त्या दिवशी सुतार करवतीला हात लावत नाही, शिंपी मशीनला लावत नाही. हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडायची आणि त्यांना विश्रांती द्यायची. हवालदारांनी लष्करातलं शस्त्रपूजन या एसीच्या खोलीत आणलं होतं. सगळी यंत्रं बंद, पडद्यांना झेंडूच्या माळा, प्रिंटरवर हळदकुंकू, उदबत्ती मात्र धुराच्या भीतीनं दाराबाहेर.

"आज न्हाई मॅडम. हत्यार पूजेला बसलंय. उद्या उत्तरपूजा झाली की हात लावायचा."

"अहो, मी सांगलीहून आलेय. एसटीनं."

"व्हय की. मग जेवून जावा. पुरणपोळी हाय डब्यात."

मी चिडले, पोळी खाल्ली आणि परत गेले. वर तक्रार करून बघितली, तर कार्यकारी संचालकच म्हणाले, "बाई, त्या दिवशी आम्हीसुद्धा तिकडं जात नाही." खंडेनवमीला हवालदार मशीन चालू करत नाहीत, हे ऊस टाकायच्या गव्हाणीवरच्या मजुरापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. हे एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता थोडं माझ्या धंद्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. युनिक्समधली सगळी साठवण म्हणजे एक घर. घरात खोल्या, खोल्यांत कोनाडे. जागा पुरेनाशी झाली की बाहेरून नवी डिस्क आणायची, म्हणजे जणू नवं कपाट आणायचं, आणि ते एखाद्या कोनाड्यासमोर लावायचं. याला माउंट करणं म्हणतात. एकदा कपाट लावलं की माणूस त्या जागी गेला की त्याला कपाटच दिसतं. मागचा कोनाडा दिसत नाही. कोनाड्यात आधीची एखादी वस्तू राहिली असेल तर ती काही उडून जात नाही, फक्त कपाट हलवल्याखेरीज हाताला लागत नाही. आणि याच्या उलटही होतं. एखाद्या दिवशी कपाट लागलंच नाही, तर माणूस नेहमीच्या सवयीनं वस्तू ठेवतो ती सरळ कोनाड्यात जाते. दुसऱ्या दिवशी कपाट लागतं आणि तो डोकं धरून बसतो.

त्या कारखान्यात मशीनमधली जागा संपत आली म्हणून अशीच एक बाहेरची डिस्क घेतली होती. लोखंडी पेटीत बसवलेली, तिचं बटण वेगळं. ऊसनोंदीच्या तेवढ्या फाइली त्या पेटीत हलवल्या होत्या, बाकी सगळं जुन्या ठिकाणी.

ऊसनोंद म्हणजे काय ते आपल्या भागातल्या वाचकाला सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते. उसाची लागण केली की शेतकरी कारखान्यात नोंद करतो. त्या नोंदीवरून पुढच्या हंगामात तोडीची पाळी ठरते. पाळी चुकली की उसाला तुरा येतो, ऊस पोकळ होतो आणि शेत अडकून पडतं. तेव्हा तोडणीच्या कार्यक्रमात आपलं नाव कितवं, यावर गावागावात भावकी तुटलेली मी बघितली आहे.

एका हंगामात असं झालं की तोडणीचा कार्यक्रम निघाला आणि एका वाडीतल्या आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेल्या, उसाची नावंच त्यात नव्हती. एक-दोन नव्हे, अख्खी वाडी. लोकांकडं नोंदीच्या पावत्या होत्या, काँप्युटरमध्ये नावं नव्हती. त्यात मधल्या उन्हाळ्यात कारखान्याची निवडणूक होऊन गेलेली आणि या वाडीनं मतं टाकलेली विरोधी पॅनेलला. झालं. वाडीचे लोक म्हणाले, चेअरमननं ऑपरेटरला सांगून नावं पुसली. चेअरमनची माणसं म्हणाली, आम्ही कशाला पुसू, ऑपरेटरनंच आम्हाला बदनाम करायला पुसली. दोन्ही पार्ट्यांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं, की पुसली ती हवालदारांनी.

मला तेव्हा कुणी बोलावलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. मशीन बंद पडलं असतं तर तासाभरात फोन आला असता. पण मशीन व्यवस्थित चालू होतं, माणसावर संशय होता, आणि माणसाची चौकशी करायला कुणाला इंजिनिअर लागत नाही.

चौकशी संचालकांच्या बैठकीच्या हॉलमध्ये झाली. तिथं काय झालं ते मला लेखा विभागातल्या कांबळे नावाच्या क्लार्कनं नंतर सांगितलं. तो चहाच्या निमित्तानं दाराशी उभा होता. हवालदार सावधानमध्ये उभे राहून एकच सांगत होते.

"नोंदी मी घातल्यात. माझ्या हातानं, सगळ्या."

"कधी घातल्या?"

"गेल्या सालच्या खंडेनवमीला."

हॉलमध्ये हशा पिकला. वाडीचे हसले, चेअरमनचे हसले. एक म्हातारे संचालक म्हणाले म्हणे, "आवं हवालदार, खोटं बोलायचं तर दुसरा दिवस तरी सांगायचा. त्या दिवशी तुमी देवाला सुदिक मशीन लावू देत न्हाई."

हवालदारांनी सांगितलं, की वाडीच्या नोंदींचा गठ्ठा शेतकी खात्यात पडून राहिला होता. दसऱ्याच्या आत नोंद चढली नाही तर पाळी मागं जाणार होती. गठ्ठा आदल्या संध्याकाळी त्यांच्या टेबलावर आला आणि खंडेनवमीला, ते एकटेच पूजा मांडून बसलेले असताना, शेतकी अधिकारी निकमसाहेबांचा घरून फोन आला. हवालदार, माझी अब्रू राखा, आजच्या आज एवढं घाला. म्हणून त्यांनी नेम मोडला.

सगळ्यांनी निकमसाहेबांकडं बघितलं. निकमसाहेब वाईट माणूस नव्हते. हवालदारांना या नोकरीत त्यांनीच चिकटवलं होतं, एकमेकांच्या घरी जाणं-येणं होतं. पण फोन केला म्हणायचं तर गठ्ठा आपल्या टेबलात का पडून राहिला तेही सांगावं लागणार, आणि निवृत्ती जवळ आलेली. ते म्हणाले, "असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही."

हवालदारांनी खोलीच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या, राजीनामा दिला आणि गेले. विट्याकडची निम्मी माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली असतात. त्यांच्या मेव्हण्याचं कोइमतूरला गलाईचं दुकान होतं, तिथं गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरीच झाली नव्हती.

वाडीच्या लोकांनी कलेक्टर कचेरीसमोर बसायची तयारी केली तेव्हा कारखान्याला माझी आठवण झाली. कार्यकारी संचालकांनी मला विचारलं, "पुसलेल्या नोंदी परत आणता येतील का?"

"युनिक्समध्ये पुसलेलं परत येत नाही," मी म्हणाले. "पण पुसल्या हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तेव्हा कांबळेनंच मला चौकशीची हकीकत सांगितली, खंडेनवमीसकट. खरं सांगते, मलाही आधी ते पटलं नाही. मला पुरणपोळी देऊन परत पाठवणारा माणूस त्या दिवशी मशीन चालू करेल कसा? पण मशीनला विचारता येत होतं. मशीन कधी चालू झालं, कधी बंद झालं, याची खूण ते स्वतःजवळ ठेवतं. नशिबानं ती कुणी साफ केली नव्हती. मी मागं मागं जात त्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंत गेले. खंडेनवमीला सकाळी मशीन चालू झालेलं होतं. संध्याकाळी बंद. आणि चालू होतानाच्या संदेशांत एक ओळ होती, की पेटीतली डिस्क सापडली नाही, माउंट झाली नाही. अशा ओळी चालू होताना पडद्यावरून भराभर वर सरकून जातात, शेजारी बसून कुणी वाचत नाही.

"त्या वर्षी पूजा कुठं मांडली होती?" मी विचारलं.

कांबळे म्हणाला, "पेटीवरच की. नवी आलती ना. देवीचा फोटू, नारळ, सगळं पेटीवर मांडलं व्हतं."

तेवढ्यानं मला सगळं कळलं. मांडलेली पूजा उत्तरपूजेआधी हलवायची नाही. हवालदारांनी निकमसाहेबांच्या शब्दाखातर निम्मा नेम मोडला. मोठं मशीन आणि एक पडदा, तेवढंच जागं केलं. देवीखालच्या पेटीचं बटण त्यांनी दाबलं नाही, प्रिंटरवरची फुलं काढली नाहीत. म्हणून त्या नोंदींचा कागदही कधी निघाला नाही. आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं शहाणपणा केला होता, फाइल सापडली नाही तर न विचारता नवी तयार करायची. नोंदींचे नंबर गाववार, वाडीचे एकपासूनच सुरू होणार होते. शंका यायला जागाच नव्हती. कपाट नव्हतं, नोंदी कोनाड्यात गेल्या. दसऱ्याला फुलं उतरली, सगळी बटणं दाबली गेली, कपाट कोनाड्यासमोर येऊन बसलं. पुढं गाळप सुरू झालं आणि मागं वळून बघायला कुणाला सवड नव्हती.

मी सगळ्यांना पडद्यांवरून उठवलं, पेटी मशीनपासून सोडवली आणि रिकामी असायला हवी त्या जागी काय आहे ते बघितलं. फाइल तिथं होती. तारीख खंडेनवमीची. उघडली तर वाडीतली सगळी माणसं ओळीनं, गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, उसाची जात. एकही रकाना रिकामा नव्हता. माझ्या मागं कार्यकारी संचालक, निकमसाहेब आणि कांबळे उभे होते. कांबळेनं हात जोडले, मशीनला की हवालदारांना कोण जाणे.

मी खुर्ची वळवून निकमसाहेबांना सरळ विचारलं, "साहेब, फोन तुम्हीच केला होतात ना?"

ते पडद्याकडंच बघत होते. म्हणाले, "मॅडम, तुमचं काम झालं ना? चला, चहा घेऊ." आणि आधी बाहेर पडले. चपला घालायला त्यांना फार वेळ लागला.

मी अहवाल लिहिला. नोंदी वेळेत घातल्या होत्या, पुसल्या नव्हत्या, तांत्रिक कारणानं झाकल्या गेल्या होत्या. फोन कुणी केला ते मी लिहू शकले नाही, कारण मशीनला त्यातलं काही माहीत नसतं. वाडीत ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या, तोड झाली, काहींच्या उसाला तोवर तुरा आला होता. चेअरमन म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. हवालदारांना कामावर हजर होण्याचं पत्र गेलं आणि त्यांनी नम्रपणे नाही म्हणून कळवलं. पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम फोन करून विचारलं, तर मशीन चालू होतं. पूजा बंद केली होती, 'पुन्हा घोटाळा नको' म्हणून.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी हवालदार मला सांगलीच्या एसटी स्टँडवर भेटले. गावच्या जत्रेला आले होते. इस्त्री तशीच कडक, पण बोटं गलाईच्या तेजाबानं पिवळी पडलेली. मला बघून उठून उभे राहिले.

"नोंदी सापडल्या म्हणं, मॅडम."

"सगळ्या सापडल्या. जशाच्या तशा. एकही चूक नव्हती."

त्यांचा चेहरा उजळला. मी तिथंच बाकावर बसून त्यांना कपाट आणि कोनाडा समजावून सांगितला. त्यांनी नीट ऐकलं, दोन ठिकाणी अडवून विचारलंही.

"म्हंजे पेटी उठवली न्हाई, एवढंच."

"एवढंच."

"पूजा मांडलेली. मी कशी उठवणार?"

"नाहीच उठवायची," मी म्हणाले. मला मनापासून तसंच वाटत होतं.

मग त्यांनी हळूच विचारलं, "निकमसाब काय म्हनले? फोनाचं?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटून गेलं. निकमसाहेब तोवर निवृत्त होऊन मुलाकडं राहायला गेले होते, कुणी पडताळायला जाणार नव्हतं. पण या माणसापुढं खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

"काहीच नाही म्हणाले. नोंदी सापडल्या तेव्हाही नाही."

हवालदारांनी मान हलवली. पिवळ्या बोटांनी शर्टाची बाही सारखी केली.

"मग सापडलं काय, मॅडम?"

माझी साताऱ्याची गाडी लागली. त्यांनी माझी पिशवी उचलून खिडकीशी ठेवून दिली आणि खाली उतरून गाडी हलेपर्यंत उभे राहिले.